पाणी दिलेला तुकडा

दस्तगीर शिकलगारांनी तुकडा टेबलावर आपटला
आणि कान पुढे केला.
"ऐकलं? ह्याचा आवाज मेलाय, बाई.
कवळा न्हाई. लई मुरलाय."
मग रुमालातून दुसरा काढला, मागच्या लॉटचा.
तो खणखणला, आणि थांबायलाच तयार नाही.
"ह्यो बघा. ह्यो बोलतो."

शिरोलीच्या भट्टीपाशी तीस वर्षं उभ्या माणसाला
मी काय सांगणार होते?
की ॲल्युमिनियमच्या पोटात शंभरात चार भाग तांबं
पाचशे चाळीस अंशांवर साखरेसारखं विरघळतं,
की त्याच घडीला पाणी दिलं
तर तांब्याला वेगळं व्हायला वेळ मिळत नाही,
असेल तिथं अडकून बसतं,
आणि मग दोनशे अंशांच्या उबेत
हळूहळू आपली माणसं हुडकत निघतं.
हे सगळं त्यांना ठाऊक होतं.
त्यांच्याकडे त्याला एकच शब्द, मुरणं.
आमच्याकडे थीटा:
डोक्यावर आधी दोन रेघा, मग एक,
शेवटी बोडका.

तीन मिलिमीटरची टिकली कापली.
नायट्रिक आणि मिथेनॉल, उणे तीस,
दोन्ही अंगांनी फवारा, मधोमध भोक पडेपर्यंत.
बघायचं ते भोकात नसतंच.
भोकाच्या काठाला असतं, जिथं धातू
कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ होतो.

रात्री साडेअकरा.
हायवेचे ट्रक विरळ झाले
की तलावाकडच्या तळघरात आमचं यंत्र स्थिरावतं.
नायट्रोजन ओतला. दिवा घालवला.
हिरव्या पडद्यावर आधी नुसतं धुकं.
नमुना कलता केला, दीड अंश, पाव अंश मागे,
आणि रेघा एकदम समोर आल्या,
काही उभ्या, काही आडव्या, बरोबर काटकोनात,
गणिताच्या वहीतल्या चौकटी
कुणी सुट्या करून भिरकावल्यासारख्या.

चांगल्या लॉटच्या रेघा मला पाठ आहेत.
दाट, बारीक,
प्रत्येकीभोवती ताणाची सावली.
धातू वाकायला लागला की त्याच्या रचनेतली एखादी चूक
सरकत निघते, आणि या कुंपणात पाय अडकून थांबते.
कणखरपणा म्हणजे एवढंच.
चूक पुढे जाऊ न देणं.

ह्या तशा नव्हत्या.
जाड. लांब. विरळ.
थोड्या जणींनी बाकीच्या गिळलेल्या,
मधे नुसतं मोकळं रान.

लॉगबुकात आठ तास.
पडद्यावर निदान तीस.

सकाळी फोन केला. चाचा बराच वेळ गप्प.
मागे कुणीतरी ग्राइंडर लावलेला.
मग म्हणाले, रविवारी रात्री भट्टीवर तेजपाल होता, आवट्याचा.
बहिणीला कळा सुटल्या, सीपीआरला घेऊन गेला.
सोमवारी सुट्टी. टायमर तर
गणपतीपासूनच बंद.
"आठ तास मीच लिवलं, बाई," ते म्हणाले.
"लिवताना कान न्हाई लावला."

रिपोर्टात एक रकाना असतो: कारण.
दोन लाख व्होल्टनी आरपार पाहिलं तरी
किती वेळ, तेवढंच दिसतं.
कुणासाठी, ते नाही.
मी लिहिलं: टायमर बदलावा.
खाली: नमुना अतिमुरलेला.
तडा गेलेले नग वितळवावेत. उरलेला लॉट
पाचशे चाळीसला परत विरघळवावा,
पाणी द्यावं, नव्यानं मुरवावा.
धातूला हे चालतं.

शनिवारी चाचा तुकडे न्यायला आले.
बोलणारा माझ्याकडेच ठेवला.
मेलेला खिशात टाकला, डबा घेतला,
आणि दारात थांबून म्हणाले,
"ह्यो तेजपालला वाजवायला देतो.
कान तयार व्हायला पायजे पोराचा.
आणि हां, भाची झाली त्याला."